जुन्या 808 ला कुणीतरी हात लावलाय, आता बिघाड शोधायचा कसा?

आजचा कुठलाही रॅप किंवा ट्रॅप ट्रॅक लावा, छातीत घुमणारा तो लांबलचक खर्ज ऐकू येतोच. बीट बनवणारी पोरं त्याला ‘एट-ओ-एट’ म्हणतात. ज्या यंत्रावरून हे नाव पडलं ते मात्र त्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. रोलँड या जपानी कंपनीचं टीआर-808 हे ड्रम मशीन 1980 साली बाजारात आलं, 1983 मध्ये बंद झालं, आणि एकूण साधारण 12,000 नग बनले. मुंबईत ते लवकर पोचलं होतं. हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये याच मशीनच्या ठेक्यावर रागांची एक अख्खी तबकडी केली.

आज यातलं एखादं मशीन हाती येतं तेव्हा ते चाळिशी ओलांडलेलं असतं, आणि बऱ्याचदा आतून कुणीतरी ‘सुधारलेलं’ असतं. कारखान्यातून बाहेर पडल्यावर सर्किटमध्ये हाताने केलेल्या अशा बदलाला ‘मॉड’ म्हणतात. कुणी बेस ड्रम लांबवलेला असतो, कुणी त्याचा सूर फिरवायला जादा नॉब बसवलेला असतो, कुणी बाहेरून ठोका देण्यासाठी सॉकेट बसवलेलं असतं. मग एक दिवस काहीतरी अडतं. झाकण उघडलं की सर्किटच्या मूळ नकाशात कुठेच नसलेल्या लाल-पिवळ्या तारा दिसतात आणि भलेभले मेकॅनिक गोंधळतात.

गोंधळायचं कारण नाही. मॉड केलेल्या मशीनमध्ये बिघाड बहुतेक वेळा मूळ डिझाइनमध्ये नसतो, नंतर जोडलेल्या भागात असतो. म्हणून जोडलेलं एकेक करून बाजूला करायचं, मूळ मशीन शुद्धीवर आणायचं आणि मग एकेक मॉड परत जोडत मोजत जायचं. बाकीचा लेख म्हणजे हे नेमकं कसं करायचं, एवढंच.

आवाज येतो कुठून?

808 मध्ये कुठल्याही खऱ्या ढोलाचं रेकॉर्डिंग नाही. प्रत्येक आवाज त्या-त्या क्षणी विजेतून घडतो. बेस ड्रमचं सर्किट म्हणजे एक झोका समजा. दोन कपॅसिटर आणि दोन-तीन रेझिस्टर यांची जोडणी अशी आहे की एक धक्का दिला की ती स्वतःच्या ठरलेल्या वेगाने झुलते आणि हळूहळू थांबते. हा धक्का म्हणजे ‘ट्रिगर’: जेमतेम एक मिलिसेकंदाचा, 4 ते 15 व्होल्टचा विजेचा ठोका. अॅक्सेंट, म्हणजे ठोक्याला दिलेला जोर, जितका जास्त तितका धक्का उंच, आणि आवाज तितका जोरकस.

झोका किती वेळ झुलेल ते ‘डिके’चा नॉब ठरवतो. बाहेर पडलेला आवाज थोडासा परत आत सोडायचा, झोक्याला प्रत्येक फेरीत मागून हलका हात लावायचा, असं हे काम आहे. या परत सोडण्याला ‘फीडबॅक’ म्हणतात. हे शब्द पुढे वारंवार येतील.

प्लग लावण्याआधी

जपानातून आलेलं मशीन 100 व्होल्टचं असू शकतं. आपल्याकडे सॉकेटमध्ये 230 आहे. नुसती पिन बदलून ते लावलं तर ट्रान्सफॉर्मर आणि पुढचे रेग्युलेटर जातात, कधीकधी त्यांच्यासोबत न मिळणाऱ्या चिपाही. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. आधीच्या कुणी ट्रान्सफॉर्मरच बदललेला असू शकतो, म्हणून आत बघून खात्री करा. बाजारात सहज मिळणारा स्टेपडाउन 110 व्होल्ट देतो. 100 च्या मशीनला तो दहा टक्के जास्त आहे, रेग्युलेटर विनाकारण तापत राहतात. 100 व्होल्टचा मागून घ्या, 50 व्हीएचा पुरे.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. घराघरांत वायरमन वापरतात तोच: 40 किंवा 60 वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब मशीनच्या वाटेत मालिकेत जोडलेला. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. सुरुवातीला बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजात पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. ज्यांना 230 व्होल्टच्या उघड्या टोकांजवळ काम करायची सवय नाही त्यांनी पॉवर सप्लायचा भाग जाणत्या माणसाकडूनच तपासून घ्यावा. बाकीच्या बोर्डावर कमी व्होल्टेज आहे, तिथे शिकता येतं.

आता मल्टिमीटर. मशीनला तीन मुख्य पुरवठे लागतात: +15, −15 आणि +5 व्होल्ट. पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालेल, म्हणजे 15 च्या जागी 14.25 ते 15.75. मग मीटर एसीवर टाकून तेच तीन बिंदू परत मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर उत्तम. शेकडो दिसले तर मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेत. ते त्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि 105 अंशांपर्यंत उष्णता सोसणारे घालून बदला. पुरवठा नीट असल्याशिवाय पुढे काहीही तपासू नका. पाण्याची टाकीच गढूळ असताना एकेक नळ खोलून बघण्यात अर्थ नाही.

याच वेळी बॅटरीचा कप्पाही पाहा. तालाची आठवण टिकवायला यात तीन पेन्सिल सेल असतात आणि ते वर्षानुवर्षं विसरले जातात. गळलेल्या सेलचा पांढरा-हिरवा थर तारेच्या आतून बोर्डापर्यंत सरकतो. अल्कलाइन सेलचा थर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. तार आतून काळी पडली असेल तर ती साफ करत बसू नका, बदला.

कान लावून अर्धं निदान

808 मध्ये सोळा आवाज आहेत, पण त्यांचे भाग एकमेकांत वाटून घेतलेले आहेत. तपासणाऱ्याला यासारखी मदत दुसरी नाही. चाळीत एकाच घरचे दिवे गेले तर फ्यूज त्या घराचा, अख्खा मजला अंधारात गेला तर जिन्यातल्या लाइनचा. इथेही तसंच.

झांज, दोन्ही हाय-हॅट आणि काउबेल हे चारही एकदम गेले तर त्यांचा सामायिक उगम पाहा. एकाच आयसीमध्ये (चिपमध्ये) सहा दोलक, म्हणजे सतत सूर काढणारी छोटी सर्किटं, आहेत, साधारण 205 पासून 800 हर्ट्झपर्यंत, आणि हे सगळे धातूचे आवाज त्यांच्यातून घडतात. फक्त काउबेल बेसूर लागत असेल तर आयसी ठीक आहे. काउबेलचे दोन दोलक 540 आणि 800 हर्ट्झचे असतात, आणि त्यांचे प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे आतले छोटे नॉब) कुणीतरी फिरवलेले असतात.

स्नेअरमधली खरखर, टाळी आणि मराकस हे तीन एकदम गेले, तर बोट ‘नॉइज’ देणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे जातं. हा भाग विलक्षण आहे. एक छोटा ट्रान्झिस्टर मुद्दाम उलटा जोडून त्याच्यातून पावसासारखी सततची सरसर काढलेली आहे. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगून ठेवलंय की यासाठी ते इतरांनी सदोष म्हणून नाकारलेले ट्रान्झिस्टर घेत. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, तसा सदोष माल मिळेना, आणि 808 बंद व्हायला तेही एक कारण झालं. तेव्हा हा ट्रान्झिस्टर शेवटचा उपाय म्हणूनच काढा. आधी त्याला पुरवठा पोचतोय का बघा. मॉड करताना शेजारचा सोल्डरचा डाग सुटलेला सापडायची शक्यता जास्त.

एकच आवाज गेला असेल तर त्या आवाजाच्या जवळ नवी तार कुठे जोडलीय ते शोधा, बस.

थांबतच नसलेला बेस ड्रम

मॉड केलेल्या मशीनची ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. एकदा ठोका दिला की ‘ऊऊऊ’ असा सूर धरून बसतो, किंवा मशीन चालू करताच ठोक्याशिवाय सुरू होतो.

झोक्याकडे परत जाऊ. दर फेरीत झोका जेवढा जोर गमावतो त्याहून कमी जोर तुमचा हात देत असेल तर तो उशिरा का होईना थांबतो. गमावला तेवढाच दिला तर तो कधीच थांबत नाही. ‘लाँग डिके’ मॉड करणारा मूळ पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) वाटेतला रेझिस्टन्स बदलून हा हात जड करतो. त्या दिवशी टेबलावर सगळं ठीक वाटतं. पण मशीन अर्ध्या तासात तापतं, भागांच्या किमती किंचित सरकतात, आणि काठावर उभा असलेला झोका काठ ओलांडतो.

उपाय सोपा आहे: डिके पॉटच्या वाटेत एक प्रीसेट घाला आणि नॉबच्या कमाल टोकाला मर्यादा बांधून द्या. मशीन अर्धा तास चालू ठेवा. डिके पूर्ण वाढवा. सूर अखंड होईपर्यंत प्रीसेट फिरवा आणि मग तो मरायला लागेपर्यंत हळूच मागे आणा. गार मशीनवर ही मर्यादा बसवली तर काम पुन्हा करावं लागेल.

याच बेस ड्रमला सूर बदलायचा नॉबही असेल तर जरा थांबा, कारण इथे दोन मॉड एकमेकांच्या पायात येतात. मूळ जोडणीत 0.015 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, 1 मेगओहमचा एक रेझिस्टर, आणि 47 के (के म्हणजे हजार ओहम) व 6.8 के असे दोन ओळीने लावलेले रेझिस्टर आहेत. त्यातून सूर 50 हर्ट्झच्या आसपास लागतो. 47 के काढून तिथे 100 केचा पॉट बसवला की सूर साधारण 32 ते 130 हर्ट्झपर्यंत फिरतो. रेझिस्टन्स चौथाईवर आणला की सूर दुप्पट होतो, म्हणून पॉटच्या कमी टोकाला नॉब जरासा हलवला तरी सूर उडी मारतो. हा दोष नाही, गणितच तसं आहे. 6.8 के मात्र कधीही काढू नका, वरची हद्द तोच सांभाळतो.

सूर सरकला की फीडबॅकचा हिशेबही सरकतो. म्हणून डिकेची मर्यादा बांधताना सूराचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा आणि जिथे बेस ड्रम सगळ्यांत लवकर अखंड वाजू लागतो तिथे मर्यादा बसवा. एकेक मॉड वेगळा तपासला तर दोन्ही निर्दोष वाटतात. एकत्र लावल्यावरच चूक दिसते.

आणखी एक गोष्ट. सूर वर नेला की ‘पंच गेला’ अशी तक्रार येते. मूळ बेस ड्रममध्ये ठोका पडताच एक ट्रान्झिस्टर तो 47 के क्षणभर ओलांडून देतो. त्यामुळे पहिल्या काही मिलिसेकंदांत सूर 130 च्या घरात असतो आणि लगेच 50 वर घसरतो. ती घसरण म्हणजेच छातीवरचा धक्का. तुम्ही नॉबने तोच रेझिस्टन्स शून्यावर आणला तर ओलांडायला काही उरतच नाही आणि घसरणही होत नाही. तेव्हा हा बिघाड समजून भाग बदलू नका. सूर वर नेण्याची ती किंमत आहे.

बाहेरून ठोका देताना

संगणकातून किंवा आर्डुइनोतून (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डातून) ठोके देण्यासाठी सॉकेट बसवलेलं असेल तर तिथे दोन गोष्टी चुकतात.

पहिली: डायोड लावलेला नसतो. मशीनचा स्वतःचा ट्रिगर 15 व्होल्टपर्यंत जातो. सॉकेटची तार थेट त्याच बिंदूला जोडली असेल तर मशीन वाजताना हे 15 व्होल्ट उलटे बाहेर जातात आणि 5 व्होल्टच्या आर्डुइनोची पिन मरते. वाटेत 1एन4148 हा डायोड घाला, पट्टीचं टोक ड्रमच्या आवाजाकडे. एका दिशेलाच उघडणारं दार, एवढंच त्याचं काम. सॉकेटच्या बाजूला 100 केचा रेझिस्टर ग्राउंडला द्या, नाहीतर केबल काढल्यावर लोंबकळणारी तार हवेतली गुणगुण पकडते आणि आवाज आपोआप वाजतात.

दुसरी: ठोक्याचं माप. 5 व्होल्टमधून डायोडने साधारण 0.6 खाल्ले की 4.4 उरतात, म्हणजे मशीनचा सगळ्यांत हलका ठोका. ‘सॉकेटमधून आवाज दबका येतो’ याचं कारण बहुधा हेच. ट्रान्झिस्टरने ठोका 12-15 व्होल्टपर्यंत उचलून घ्या. आणि तो छोटा ठेवा. बाहेरचं यंत्र बोट दाबून असेपर्यंत व्होल्टेज धरून ठेवत असेल, तर सोडतानाही जादा ‘टक’ ऐकू येऊ शकते.

गुणगुण आणि टिकटिक

संथ 50 हर्ट्झची गुणगुण सहसा ग्राउंडची असते. नव्या सॉकेटचं ग्राउंड एका जागी, मूळ सॉकेटचं दुसऱ्या जागी, आणि सॉकेट धातूच्या पट्टीला टेकून तिसरी वाट. अशी वेटोळी झाली की गुणगुण येते. सगळी नवी ग्राउंड एका बिंदूला आणा.

बारीक टिकटिक वेगळी. ती आतल्या प्रोसेसरची असते, आणि नवी ऑडिओ तार त्याच्या रिबनला समांतर नेली की ऐकू येते. मशीन चालू असताना सुक्या लाकडी काडीने ती तार हलवून बघा. टिकटिक कमीजास्त झाली तर तार शिल्डेड, म्हणजे धातूच्या जाळीचं आवरण असलेली, घाला आणि शिल्ड एकाच टोकाला जोडा.

काडीने हलवताना आवाज येतो-जातो असं झालं तर तो ‘ड्राय सोल्डर’ आहे. चांगला डाग चकचकीत आणि उतरत्या डोंगरासारखा दिसतो. वाईट डाग मळकट गोळीसारखा पायाभोवती बसलेला असतो, आणि भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसाएवढी गोल फट दिसते. जुना टिन काढा, फ्लक्स लावा, 63/37 च्या (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डरने 340 अंशांवर दोन-तीन सेकंदांत नवा डाग द्या. त्याहून जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न टेकवला की जुन्या बोर्डावरचं तांबं उचकटतं, आणि ते परत चिकटत नाही.

मशीन चालूच होत नाही, पण बिघाडही नाही

स्टार्ट दाबूनही ताल सुटत नसेल तर झाकण उघडण्याआधी मागचा सिंक स्विच पाहा. तो ‘इन’वर असेल तर मशीन बाहेरच्या घड्याळाची वाट बघत बसतं. त्याचं पाच पिनांचं सॉकेट मिडीसारखं (वाद्यं एकमेकांना जोडायच्या नंतरच्या पद्धतीसारखं) दिसतं, पण ते मिडी नाही. यात घड्याळ तिसऱ्या पिनेवर, स्टार्ट-स्टॉप पहिलीवर आणि ग्राउंड दुसरीवर असतं, दर पाव स्वराला 24 ठोके. कित्येक मिडी केबलींत एक आणि तीन या पिना जोडलेल्याच नसतात. मीटरचा बीप लावून केबल तपासा.

‘सरळ सगळे आयसी बदलून टाकले तर?’

नको. यातला एनईसी या जपानी कंपनीचा 4 बिटचा प्रोसेसर कारखान्यातच आतला प्रोग्रॅम घेऊन आलेला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड मुबलक मिळतील, हा प्रोसेसर मिळणार नाही. शिवाय प्रत्येक आयसी काढताना चौदा-सोळा डाग वितळवावे लागतात, म्हणजे नव्या बिघाडाच्या तेवढ्याच संधी. आयसीच्या पायावर पुरवठा पोचतोय, आत सिग्नल जातोय आणि बाहेर येत नाही, हे तिन्ही मोजून सिद्ध झालं तरच आयसी काढा, आणि जागी सॉकेट बसवा.

‘पण ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) परवडत नाही’

बहुतेक कामाला लागतही नाही. 0.1 मायक्रोफॅरडचा, 100 व्होल्टचा एक कपॅसिटर आणि 10 केचा रेझिस्टर ओळीने जोडून त्यांना एक सुई लावा. दुसरं टोक जुन्या अॅम्प्लिफायरच्या इनपुटला, ग्राउंड मशीनच्या ग्राउंडला. बेस ड्रम सतत वाजत ठेवा आणि सुई आवाजाच्या उगमापासून बाहेरच्या सॉकेटकडे एकेक बिंदू सरकवत न्या. जिथे ऐकू येणं थांबतं, बिघाड त्या आणि आधीच्या बिंदूच्या मध्ये आहे. ही सुई ट्रान्सफॉर्मर आणि मेन्सच्या बाजूला कधीही टेकवायची नाही.

‘मग सगळे मॉड काढूनच टाकावेत?’

तपासताना काढा, कायमचे काढायची गरज नाही. मात्र काढण्याआधी वरून आणि खालून मोबाइलने स्पष्ट फोटो घ्या आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच आकड्याची चिकटपट्टी लावा. बोर्डाला भोक पाडून किंवा तांब्याचा पट्टा कापून केलेले मॉड मूळपदावर आणायला जड जातात आणि असं मशीन विकत घेणाराही कचरतो. तुकडा कापून नाही, भागाचा एक पाय उचलून तिथे तार जोडलेली असेल तर सगळं पाच मिनिटांत पूर्ववत होतं.

काढलेले मूळ भाग, तो 47 केचा रेझिस्टरसुद्धा, छोट्या पाकिटात घालून झाकणाच्या आत चिकटवा. सोबत एक कागद: कुठला मॉड, कुठल्या बिंदूला जोडलेला, कुठल्या किमतीचा भाग, कुठल्या तारखेला. पेनने लिहा, बॉलपेनने. शिसपेन पुसली जाते, आणि पेन्सिलीची भुकटी वीज वाहते.